टर्कीचे पातळ काप

बिझर्त, ६ मार्च १९९६

जलीला,

पाकिटावरचं अक्षर पाहून छातीत धस्स झालं असेल, तर आधी हे वाच : सगळे जिवंत आहेत. बाबासुद्धा.

रमजानात इफ्तारच्या ताटावर बसल्या बसल्या त्यांचा घास हातातच राहिला. तोंड पांढरंफटक, कपाळावर घाम. मुन्सिफनं सासऱ्यांना शेजाऱ्याच्या गाडीत घालून इस्पितळात नेलं. हृदयाचा झटका होता. आता घरी आहेत, हिंडतात, फिरतात, चिडतात. डॉक्टरीणबाईंनी मात्र एक गोष्ट माझ्याकडून तीनदा वदवून घेतली. मेंढीचं मटण बंद. चरबी बंद. बाजारातला सॉसेजचा तुकडाही नाही. मांस खायचंच असेल तर टर्की, तीही कातडी काढून, कमी तेलात.

बाबांना टर्की. गावानं मानानं ‘सी तय्येब’ म्हणावं असा खाटीक. अख्ख्या बिझर्तला कोकराचं मटण खिलवलेला माणूस. तुला हसू येत असेल. येऊ दे बापडं.

मी हे पत्र सलोख्यासाठी लिहीत नाहीये, एवढं ध्यानात ठेव. टर्की काय चीज आहे ते मला कळत नाही म्हणून लिहितेय. आपल्या घरात ती कधी शिजलीच नाही, आणि का नाही शिजली ते तुला नि तुझ्या नवऱ्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. रिदानं बाबांच्या दुकानासमोरच टर्कीचं दुकान थाटलं, बाबांच्या गिऱ्हाइकांना तिकडं वळवलं, आणि वर त्यांची मुलगी नेऊन मातरला नवं दुकान काढलं. बाबांनी दुकानाची फळी पाडली त्या दिवशी घरात जे बजावलं ते तुझ्या कानावर आलंच असेल : त्या पोरीशी जो बोलेल तो या घरचा नाही. मी या घरची आहे. म्हणून उत्तर मुन्सिफ शिकवतो त्या शाळेच्या पत्त्यावर पाठव. घरी नको.

तर सांग. छातीचे काप तव्यावर टाकले की चामड्यासारखे का होतात? मांडीचा रस्सा केला तर त्याला चव का येत नाही? इब्तिसाम आता चौदाची झाली, तिनं काल ताट सरकवून विचारलं, "आजारी आजोबा आहेत, शिक्षा आम्हाला का?"

नझीहा


बिझर्त, २६ मार्च १९९६

जलीला,

तुझं पत्र मिळालं. एवढं लांबलचक लिहायला तुला वेळ बरा मिळतो. बाबांच्या छातीत दुखणं कुठं सुरू झालं, गोळ्या कुठल्या, जिना चढू देतात का, रात्री उशा किती लागतात, सगळं विचारलंस. लिहिते : दुखत नाही, गोळ्या घेतात, जिना हळूहळू चढतात. उशीचं मी पाहिलेलं नाही.

तू सांगितल्याप्रमाणे केलं. काप सकाळीच ताकात बुडवून ठेवले, वर ठेचलेला लसूण आणि धणे-शहाजिरे. मीठ शेवटी. तवा धूर निघेपर्यंत तापवला, तेलाचं नुसतं बोट फिरवलं, आणि झाकण ठेवलं नाही. वर लिंबू. मुन्सिफनं पाव घेऊन तव्याला लागलेलं पुसून खाल्लं. इब्तिसामनं दुसरा काप मागितला. दुसऱ्या दिवशी मानेच्या तुकड्यांची फ्रीकचा शोरबा केला. मटण घालून करतो तसाच, गव्हाच्या हिरव्या भरडीचा. पण वरचा चरबीचा थर नाही. खिम्यात भरपूर कोथिंबीर आणि किसलेला कांदा घालून गोळे केले, ते तळले नाहीत, टोमॅटोच्या रश्शातच सोडले. हलकं जेवण म्हणतात ते हेच असावं. जेवून उठल्यावर कुणी आडवं होत नाही.

बाबा पहिले आठ-दहा दिवस फार बोलले. "या पक्ष्याला देवानं आवाज एवढा दिला की मांस द्यायचं राहूनच गेलं." "नझीहा, ह्या पातेल्यात काही पडलंय बघ. नाही? मला वाटलं चुकून मांस पडलं की काय." मी ऐकून घेत होते. बापाचा आजार कानांनीच सोसायचा असतो.

पण आता खरी गोष्ट. गेल्या आठवड्यापासून ते गप्प आहेत. टोमणा नाही, तक्रार नाही. ताटात वाढलेलं बघतात, अर्धं खातात, "छान झालंय" म्हणतात आणि हात धुवायला उठतात.

छान झालंय. तू या माणसाच्या तोंडून हे शब्द कधी ऐकलेस? आई त्यांच्या ताटात आयुष्यभर वाढत राहिली, तिनं ऐकले असतील तर ती सांगायला नाही.

मला हे काही ठीक वाटत नाही.

नझीहा


बिझर्त, १८ एप्रिल १९९६

जलीला,

बाबा बाहेर कुठंतरी खातात. आता माझी खात्रीच आहे.

मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी लवकर दाढी करतात. स्वच्छ सदरा. मिशी कातरून घेतली आहे. "बंदरावर फेरी मारून येतो," म्हणतात, आणि दुपार उलटल्यावर परततात. शुक्रवारी म्हणतात मशिदीत होतो. त्या दोन दिवशी मी वाढलेलं ताट जवळजवळ तसंच राहतं. मी काही वेडी नाही.

पहिला संशय अर्थातच मटणाचा. मासळीबाजाराच्या मागं त्यांचे जुने खाटीक मित्र बसतात ना, तिथं निखाऱ्यावर कोकराच्या फासळ्या भाजतात. मी भाजी घ्यायच्या निमित्तानं तिथून गेले. सगळ्यांनी एकदम विचारलं, तय्येब कसा आहे, दिसत नाही हल्ली. खोटं बोलत असतील असं धरून मी पुन्हा एका मंगळवारी गेले. खरंच नव्हते.

परत आल्यावर त्यांचा कोट हुंगून पाहिला. होय, हुंगला. बाप झाला म्हणून काय झालं. धुराचा वास नाही, चरबीचा नाही. साबणाचा वास. जो साबण आपल्या घरात नाही.

मग मी रक्ताच्या तपासणीची वाट बघत बसले. म्हटलं, हा माणूस काय खातो ते रक्त सांगेल. परवा निकाल आला. डॉक्टरीणबाई खुर्चीतून उठून माझा हात हातात घेऊन, नावाआधी मानाचं ‘लल्ला’ लावून म्हणाल्या, "लल्ला नझीहा, तुमच्या हाताला यश आहे. चरबी एवढी उतरलेली मी या वयात पाहिली नाही. काय वाढता यांना?" बाबा शेजारी बसून छताकडे बघत होते.

मी काय सांगणार? ते माझं अर्धंच खातात, असं सांगू?

म्हणजे कळलं का, जलीला? त्यांना कुणीतरी जेवू घालतंय, आणि चरबी न घालता जेवू घालतंय. माझ्याइतकंच जपून. बहुधा माझ्यापेक्षा चवदार. बापानं चोरून मटण खाल्लं असतं तर मी चार शब्द सुनावले असते आणि मोकळी झाले असते. हे त्याहून वाईट आहे.

आणि आणखी एक. पहिल्या पत्रात तू बाबांच्या तब्येतीचे इतके प्रश्न विचारलेस. दुसऱ्यात एकही नाही. तिसऱ्यातही नाही. नुसतं टर्कीच्या मांडीत वाटाणे आणि आर्टिचोक कसे घालायचे ते. तुझं मन इतकं लवकर भरलं का? का पहिलं सगळं दाखवायला होतं?

नझीहा


बिझर्त, ३ मे १९९६

जलीला,

बकरी ईद झाली. मेंढा बाबांनी स्वतः कापला. डॉक्टरीणबाईंनी श्रम करू नका म्हणून बजावलं होतं, पण गच्चीवर दुसऱ्या कुणाच्या हातात सुरी बघणं त्यांना जमलं नाही. कातडी कशी सोलली म्हणून सांगू, जणू एखाद्या पोराचा सदरा काढतायत. शेजारचे लोक आपापल्या गच्च्यांवरून बघत होते.

काळजाचे तुकडे निखाऱ्यावर लागले. तुला आठवत असेल, पहिली सळई त्यांची असायची आणि आईला सुद्धा हात लावायची परवानगी नसायची. मुन्सिफनं सळई पुढं केली. ईदचा दिवस, मीही तोंड फिरवून घेतलं होतं, म्हटलं एक तुकडा खाऊ दे. बाबा म्हणाले, "नको. मी कबूल केलंय."

कुणाला? मी तर त्यांच्याकडून काही कबूल करून घेतलेलं नाही. मी नुसती वाढते.

मी लागलीच विचारलं, "कुणाला कबूल केलंय, बाबा?" ते म्हणाले, "डॉक्टरीणबाईंना." आणि कान लाल. म्हातारपणी माणसाचं खोटं कानात उतरतं बहुतेक.

बाईच असणार, असं मी ठरवलं. आणि बाई म्हटलं की वरच्या गल्लीतली लल्ला महरेझिया. नवरा जाऊन दोन वर्षं झाली, हाताला चव आहे, दारात जाईचा वेल आहे, आणि बाबा तिला नेहमी "खानदानी बाई" म्हणतात. ईदच्या मटणाचा वाटा द्यायचं निमित्त करून मी तिच्याकडे गेले. तिच्या मोरीवर साबण बघितला. स्वयंपाकघरात डोकावले. पातेल्यात साधं चण्याचं लबलबी.

ती सगळं बघत होती. म्हणाली, "बस नझीहा. साबण आवडला का?"

मी म्हटलं, बाबा हल्ली या बाजूला येतात का?

ती हसत हसत खाटेवर टेकली. "अगं, तुझ्या बापाशी लग्न करून मी काय त्याच्या गोळ्या सांभाळत बसू? एका नवऱ्याला शेवटपर्यंत पोचवून आलेय. आता जेवण मला हवं तेव्हा, झोप मला हवी तेव्हा. तुझ्या घरी परत ने तो विचार." मला जमीन दुभंगावी असं झालं. मी निघताना मात्र तिनं मागून सांगितलं, "मंगळवारी तो पूल ओलांडून टॅक्सीतळाकडे जाताना दिसतो. एवढं मला ठाऊक आहे. माझं नाव सांगू नकोस."

टॅक्सीतळ. म्हणजे गावाबाहेर.

तुला काय वाटतं? तू हुशार, घरातली शिकलेली. बाबांचं गावाबाहेर कोण आहे?

नझीहा


बिझर्त, २१ मे १९९६

जलीला,

या वेळच्या तुझ्या पत्रात चार ओळी होत्या. "ताई, बाबांचा पाठलाग करू नकोस. ते सुखात असतील तर असू दे." ते सुखात आहेत असं मी तुला कधी लिहिलं? मी लिहिलं की ते खोटं बोलतात.

आता ऐक. आमच्या गल्लीच्या तोंडाशी हमीदाकाकाचं कोंबडीचं दुकान आहे. मी टर्की तिथूनच घेते. सुरुवातीला त्याचे काप म्हणजे नुसते ठोकळे असायचे, एका कडेला जाड, दुसऱ्या कडेला चिंधी. तू ताकात भिजव म्हणालीस, पण जाड बाजू कच्ची राहायची आणि पातळ बाजू करपायची. गेल्या महिन्यापासून माल बदलला. सगळे काप सारखे, तिरके कापलेले, हातावर घेतला तर खालची रेघ दिसेल इतके पातळ. तव्यावर टाकले की कडा आकसत नाहीत, सपाट पडून राहतात. मी खुशीत होते, म्हटलं हमीदाला अक्कल आली.

काल लिंबू चोळताना बोटाला लागलं. प्रत्येक कापाच्या काठावर, पापुद्रा असतो त्या बाजूला, सुरीच्या टोकानं मारलेल्या दोन बारीक चिरा. एकमेकींकडे किंचित कललेल्या.

तुला मी सांगायला हवं का? लहानपणी ओट्यावर बसून आपण त्या चिरा बघत नव्हतो? आई म्हणायची, तय्येबनं मांसावर सही केली.

मी तशीच ओल्या हातानं हमीदाकडे गेले. विचारलं, हे कोण कापतं? तो म्हणाला, "मी कुठला कापायला? मातरहून तयार येतं. नवीन कारागीर ठेवलाय म्हणतात, म्हातारा आहे पण हात असा की बघत राहावं. टूनिसहून मागणी येते आता." मातरहून कुणाच्या दुकानातून, ते विचारायची गरज नव्हती.

घरी येऊन बाबांची सुऱ्यांची कातडी गुंडाळी उघडली. दुकान बंद झाल्यापासून ती कपाटावर होती. लांब पात्याची सुरी जागेवर नाही.

कदाचित मी चुकत असेन. चिरा दुसरं कुणी शिकलं असेल. सुरी त्यांनी कुणाला दिली असेल. मी तुला सरळ विचारते, आणि उत्तर सरळ दे. बाबा तुझ्याकडे येतात का?

नझीहा


बिझर्त, ७ जून १९९६, शुक्रवार

जलीला,

तुझं उत्तर आलं नाही. म्हणून आज मी आले होते.

मुन्सिफला सांगितलं, शिंपिणीकडे जातेय. टॅक्सीतळावर मातरच्या गाडीत बसले तेव्हा बाबांना निघून बराच वेळ झाला होता. वाटभर शेजारची बाई तिच्या सुनेबद्दल सांगत होती आणि मी हो हो म्हणत होते.

दुकान शोधायला लागलं नाही. समोर कॉफीचं दुकान आहे, त्याच्या छपराखाली पुरुष बसले होते, त्यांच्या मागं मी उभी राहिले. तुमच्या दुकानाला काच आहे, आतलं सगळं दिसतं. बाबा पांढरा एप्रन बांधून लाकडी ओंडक्यापाशी होते. समोर रिदा. ज्या माणसाचं नाव आमच्या घरात घेता येत नाही तो रिदा, हातात टर्कीची छाती धरून, शाळेतल्या पोरासारखा. बाबा त्याला काहीतरी रागावून सांगत होते. त्यांनी त्याचं मनगट धरून तिरकं केलं, आणि सुरी त्याच्या हातात ठेवली. रिदानं कापलं. बाबांनी काप उजेडात धरला, मान हलवली, आणि हसले.

मी त्यांना घरात हसताना शेवटचं कधी पाहिलं ते आठवत उभी होते, तेवढ्यात तू आलीस.

तू बरीच जाड झालीस. चालतेस मात्र आईसारखी. ताटावर ताट झाकून आणलंस. बाबांनी हात धुतले, पेटीवर बसले. एक छोटी मुलगी येऊन त्यांच्या मांडीला टेकली आणि त्यांच्या ताटातलं खाऊ लागली. तुला मुलगी आहे. मला कुणी सांगितलं नाही. मी तरी कुठं विचारलं होतं.

त्यांनी ताट पुसून खाल्लं. मग तू त्यांच्यासमोर गोळी धरलीस आणि पाण्याचा पेला.

मी आत आले नाही. रस्ता ओलांडायचं मनात होतं, पाय उचललाही होता. पण आत जाऊन मी कोण म्हणून उभी राहणार होते?

परत आले. दुपारनंतर बाबा आले, म्हणाले, "आज मशिदीत इमामाचा खुतबा लांबला." मी ताट वाढलं. भोपळा घातलेलं टर्कीचं कुसकुस होतं, सकाळी उठून केलेलं. अर्ध्याहून जास्त ठेवलं. "छान झालंय," म्हणाले.

आता मला एवढं सांग. मी तुला लिहीत होते की बाबा कुठंतरी जेवतात, मी त्यांचा कोट हुंगते, मी महरेझियाच्या मोरीत डोकावते. ती पत्रं तू त्यांना वाचून दाखवत होतीस का? तुम्ही दोघं हसत होतात का? माझी कीव येत होती का? मला टर्की शिजवायला तू शिकवायचंस, आणि ती माझ्या ताटात उरेल याची व्यवस्थाही तूच करायचीस. छान जमवलंस.

यापुढं पत्र लिहू नकोस.

नझीहा


बिझर्त, १९ जून १९९६

जलीला,

लिहू नकोस म्हटलं तरी तू लिहिलंस. तू लहानपणीही अशीच होतीस.

तू म्हणतेस की बाबांना माझ्या पत्रांबद्दल काहीच ठाऊक नाही. ते पहिल्यांदा आले तेव्हाच त्यांनी तुझ्याकडून वचन घेतलं, नझीहाला कळता कामा नये. आणि माझ्या पहिल्याच पत्रात मीही तेच लिहिलं होतं, घरी कळता कामा नये. दोघांचं गुपित पोटात ठेवून तू बसून राहिलीस. कुणाचं आधी फोडायचं ते तुला कळेना.

मी हे पत्र वाचलं आणि विश्वास ठेवला नाही. खरंच सांगते. कागदावर काय, काहीही लिहिता येतं.

पण काल बाबांशी बोलले. आता विश्वास बसला.

मंगळवार होता. ते परतले, हात धुतले, टेबलाशी बसले. घरात दुसरं कुणी नव्हतं. मी ताट ठेवलं आणि समोर बसले. म्हटलं, "बाबा, मी मागच्या शुक्रवारच्या आधीच्या शुक्रवारी मातरला होते. काचेतून पाहिलं."

ते बराच वेळ पावाचा तुकडा बोटांनी चुरत राहिले. मग म्हणाले, "कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. कापांच्या काठावर चिरा होत्या."

तुला वाटेल त्यांनी मान खाली घातली असेल. नाही. डोळ्यांत एकदम चमक आली. "म्हणजे अजून हात तसाच चालतो?"

"मी हाताबद्दल बोलत नाहीये, बाबा."

मग त्यांनी सांगितलं. मी रोज काय खाऊ घालते ते बघायला बाबा एकदा हमीदाच्या दुकानात गेले होते. तिथले ते ठोकळे बघून डोकं फिरलं. कुठून येतं विचारलं, तर मातरहून, रिदाकडून. तसेच टॅक्सीत बसले. भांडायला गेले होते. माझ्या घरी हे असलं कापून पाठवतोस, असं ओरडले म्हणे भर दुकानात. रिदानं नुसती सुरी उलटी करून मूठ त्यांच्यापुढं धरली. ती सुरी बोथट होती. पुढच्या वेळी त्यांनी स्वतःची नेली.

हे सगळं तुला ठाऊक आहे. मला नव्हतं. मी ऐकत होते आणि मला एकच विचारायचं होतं. म्हटलं, "तिला माफ केलंत, चांगलं झालं. मग घरात येऊन का नाही सांगितलंत? मी काय अडवणार होते?"

ते म्हणाले, "मी तिला माफ केलं नाही. तिनं मला केलं." आणि तळहातानं टेबल पुसत राहिले, टेबल स्वच्छच होतं. मग जे बोलले ते मी तुला जसंच्या तसं लिहिते, कारण ते तुलाही ठाऊक नसणार.

"जलीलासमोर उभं राहणं सोपं होतं. तिनं माझं ऐकलंच नव्हतं. आपल्या मर्जीनं गेली, आपला संसार केला, माझ्या बंदीनं तिचं काही अडलं नाही. पण तू ऐकलंस. मी म्हटलं बहिणीशी बोलायचं नाही, आणि तू बोलली नाहीस. एकदाही का म्हणून विचारलं नाहीस. आता तुझ्यासमोर येऊन काय सांगू? की ते सगळं एका दुकानाच्या रागापायी होतं? की मीच ते आधी मोडलं? मला तुझ्या तोंडाकडे बघवेना, नझीहा. म्हणून मशिदीचं सांगत होतो."

मला वाटलं होतं मी ओरडेन. तयारी करून बसले होते. पण त्यांचे कान लाल नव्हते.

मग ते जेवायला लागले. वाटाणे घातलेली मांडी होती, तुझ्या पद्धतीची. घास उचलला, गिळला, दुसरा उचलला. तुझ्याकडून भरल्या पोटानं आले होते, कपाळावर घाम यायला लागला, तरी थांबेनात. मला दाखवायला ताट संपवत होते. मी मुद्दाम थोडा वेळ बघत राहिले. मग ताट ओढून घेतलं. म्हटलं, "पुरे. तिकडे जेवलात ना."

त्यांनी माझा हात धरला. सुरीनं घट्टे पडलेला तो हात, माहीत आहेच तुला. म्हणाले, "शुक्रवारी माझ्याबरोबर चल. मी सांगतो तिला, नझीहाला घेऊन येतो म्हणून." मी बघू म्हटलं आणि ताट उचलून आत गेले.

जलीला, मी रागावलेली नाही असं समजू नकोस. तुझ्यावर थोडी आहे, त्यांच्यावर बरीच. मुलीचं नाव दोर्साफ आहे हे मला तुझ्या शेवटच्या पत्रातून कळावं, याचा राग लवकर जाणार नाही. पण शुक्रवारी त्यांच्याबरोबर मी येणार नाही. तेव्हा त्यांनी म्हटलं जाऊ नकोस, म्हणून मी आले नाही. आता ते म्हणतात चल, म्हणून यायचं? तुझ्या दारात मला त्यांचा हात धरून उभं राहायचं नाही.

मी पुढच्या गुरुवारी येतेय. एकटी. इब्तिसामला आणलं असतं, पण पहिल्या खेपेला आपण दोघीच असू दे. रिदाला सांग, दुकानात थांब. स्वयंपाक करून ठेवू नकोस, मी आल्यावर करू. आणि बाबांना यातलं काही सांगायचं नाही. मी तुला लिहीत होते हेही नाही. ते आपल्या दोघींचं आहे, आणि मला ते सध्या कुणाला द्यायचं नाही.

मघाशी मी निळा झगा इस्त्री करत होते. बाबा दारात येऊन उभे राहिले. कपड्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "गुरुवारी दिवसभर नाहीस म्हणे. कुठं निघालीस?"

मी म्हटलं, "बंदरावर फेरी मारायला."

मी हे संपवायला बसले, तरी ते अजून तिथंच उभे आहेत.

तुझी ताई,
नझीहा